न जळणारं फडकं

भुसावळच्या कचेरीबाहेर माझा टाइपरायटर,
शेजारी झेरॉक्सवाला, वर लिंबाची विरळ सावली.
मे महिना. कळासुद्धा बोटांना पोळतात.

सुपडू नथ्थू तायडे पायरी चढून बसला,
त्याचा श्वास जरा मागून आला.

लिहा, म्हणाला.
पॉवर हाउसात बॉयलरच्या नळ्यांना गुंडाळायचो.
पांढरी दोरी, पांढरी पोती. एकोणीस वर्षं.
फाडलं की हवेत कापूसच कापूस.
आम्ही जिनिंगवाल्यांची पोरं,
कापसाला काय भ्यायचं?

ठेकेदार?
चार बदलले.
पगारपत्रक?
दर शनिवारी मोजून हातात.
हजेरीपुस्तक?
हसला, आणि हसण्यातूनच खोकला सुरू झाला.
मी कागद सरळ करत बसलो.

'अर्जदाराच्या फुप्फुसास धुळीमुळे इजा'
एवढं उमटलं तोच म्हणाला,
धूळ नका लिहू, भाऊ.
धूळ आपल्याकडे सगळ्यांच्याच नाकात,
धूळ वाचली की साहेब फाइल मिटतो.
बसच्या तिकिटामागे त्यानं नाव लिहून आणलं होतं,
जळगावच्या डॉक्टरनं सांगितलेलं,
नातीच्या गोल अक्षरात: ॲसबेस्टॉस.
मी तिकीट बघत बघत एकेक कळ दाबली.

कस्तुराबाई मागे उभी, पदर तोंडाशी.
पिशवीतून तिनं एक राखी फडकं काढलं.
'कामावरूनच आणेल व्हतं यायनी.
तवा उचलाले कामी ये, भाऊ.
जयतच नाही ते.'
वीस वर्षं तिनं भरताची वांगी
त्याच फडक्यात धरून फिरवली होती.

बोलता बोलता तीही खोकली.
त्याचा खोकला नव्हता तो, निराळा, बारीक.
त्याचे कपडे तीच धुवायची,
आधी दारात झटकून.

मी छापील नमुना वरपासून खालपर्यंत बघितला.
कामगाराचे नाव. आस्थापना. अपघाताची तारीख.
तारीख कुठली घालू?
कुठला शनिवार?
आणि कपडे झटकणारीला
कुठल्या रकान्यात बसवू?

चार प्रती काढल्या. पैसे निम्मे घेतले,
का ते मलाही सांगता येणार नाही.
ती दोघं रिक्षाकडे गेली, मध्ये दोनदा थांबून.
फडकं टेबलावरच राहिलं.

संध्याकाळी टाइपरायटर झाकताना
काडी ओढून त्याच्या कोपऱ्याला लावली.
काडी जळत बोटापर्यंत आली.
फडकं तसंच.

झाकण पुन्हा काढलं.
माझ्याकडच्या प्रतीच्या तळाशी टाइप केलं:
सोबत, फडके एक.