प्लेट एकोणीस

कॉल्ड्रिकबाईंनी पासपोर्टच्या फोटोचे पैसे दिले नाहीत.
दिली ती तेवीस पाखरं,
गोणपाटात बांधलेली.
म्हणाल्या, रंगारी, जहाजावर वजन मोजतात.
मग त्यांच्या रेल्वे बंगल्याला कुलूप लागलं
आणि भुसावळात त्यांचा कुत्रा तेवढा उरला,
इंग्रजीत हाक मारली तरच येणारा.

नाना फोटो रंगवायचे.
काळ्यापांढऱ्या बायकांना लुगडी नेसवायचे,
गेलेल्यांच्या गालांवर लाली ठेवायचे,
थोडीच,
घरच्यांना फसल्यासारखं वाटू नये इतकी.
सावद्याहून एक जण बायकोचा फोटो घेऊन आला.
‘हिरवं होतं तिचं. केळीचं हिरवं नव्हे.
हरभरा सोलला की आत असतं ना, ते.’
त्या दुपारी नाना दुकान बंद करून
बाजारात हरभरा बघायला गेले.

तर गोणपाट सोडलं.
जाड कागद, कडेनं तांब्याच्या पत्र्याचा दाबलेला चौकोन,
मी बोट फिरवायचे, ते त्या काठावर अडखळायचं.
रेषा छापाच्या. रंग हातचा.
नाना भिंग लावून बसले ते रंग बघत, पक्षी नाही.
‘इथं घाई केलीय. हे बघ, शेपटीपाशी हात दमला.
इथं लाल संपत आला, पाणी घातलं यानं.
यानं पाखरू बघितलेलं नाही, पोरी.
कुणी सांगितलं, यानं भरलं.’
डोळ्यांवर मात्र डिंकाचा एकेक थेंब,
दीडशे वर्षं वाळलेला, तरी ओला दिसणारा.
नाना हसले. त्यांचीही तीच युक्ती,
फक्त डिंक धावड्याचा, सातपुड्यातला.

एकाची चोच बामणोदच्या वांग्याएवढी.
आई म्हणाली, हे खातं काय, आणि मान कशी उचलतं?

एकोणिसाव्यावर नाना थांबले.
पिसांचा नुसता फवारा, हळदी, तांबूस,
आणि पोटाखाली काहीच नाही.
चर्चच्या फादरनी खालची बारीक ओळ वाचली:
हा पक्षी कधी खाली उतरत नाही,
दव पिऊन आभाळातच राहतो.
नानांनी ऐकून घेतलं. घरी येताना म्हणाले,
‘विकणाऱ्यानं तोडले असतील. कातडं बांधायला सोपं पडतं.’
आणि रात्री, दिवा मालवल्यावर, अंधारात,
‘याले पायच नहीत. बठी कोठे हाई?’

पुढचे तीन दिवस ते पाच नंबरच्या फलाटावर जाऊन बसले,
पाण्याच्या नळाशी साळुंक्या येतात तिथं.
कुणी विचारलं तर म्हणायचे, पाहुणे यायचेत.
चौथ्या दिवशी सर्वांत बारीक ब्रश घेतला,
श्वास धरला,
आणि काढले.
दोन पाय. पिवळे. नखं किंचित वळलेली.
मी म्हटलं, नाना, फांदी?
ते ब्रश धूत राहिले.

पुष्कळ वर्षांनी पुण्याचा एक व्यापारी आला,
पांढरे हातमोजे घालून.
बावीस घेतले, भावही चांगला दिला.
एकोणीस उजेडात धरला, चुकचुकला.
‘कुणीतरी पाय काढलेत यावर. मातीमोल केलं.’
नाना तेव्हा खाटेवर होते, ऐकू कमी यायचं.
त्यांनी मला खुणेनं विचारलं, काय म्हणतो?
मी जोरात सांगितलं,
पाय बघतोय.

आता तो माझ्या स्वयंपाकघरात आहे, खिडकीसमोर.
तिथं टांगायला नको होता, मला माहीत आहे.
इथल्या वैशाखानं आधी हळदी नेला,
मग तांबूस. पिसांच्या आता नुसत्या रेषा,
ओळखीच्या माणसाला आठवाव्यात तशा.
डोळ्यातला डिंकही तडकला.
पाय तेवढे आहेत,
फोटोचा पक्का रंग तो,
अजून पिवळे,
नळाच्या ओल्या कडेवर
घट्ट रोवल्यासारखे.