वाटणी

ऑक्टोबर, म्हणजे इथला वसंत.
कुराकाउतिनच्या रस्त्याकडेला
एलोईसा कुरिकेओ टोपली घेऊन बसली आहे.
टोपलीत दिग्वेन्ये: हुआये झाडाच्या फांद्यांना लगडणारी
नारिंगी, भोकाभोकांची, गोटीएवढी बुरशी.
लिंबू पिळते, कोथिंबीर भुरभुरते,
पेल्यात चमचा खोचून पुढे करते.

मेरिन टलक एक तोंडात टाकते
आणि चावायची थांबते.
हे तर घरचं.
टास्मानियात, बाबांच्या खांद्यावर बसून
मर्टलच्या गाठीवरून तोडलेलं.
मध्ये अख्खा पॅसिफिक.

वर्षाचे अकरा महिने
ती अंटार्क्टिकाचा चिखल चाळते,
काचेखाली परागकण मोजते.
बर्फाच्या पोटात याच कुळाचं रान होतं,
पानगळ होती, पालवी होती.
मग जमिनीची वाटणी झाली
इतकी सावकाश
की भांडण कुणाला ऐकू आलं नाही.
एकीला आंदीज मिळाला,
एकीला टास्मानियाचा पाऊस,
मधलीच्या वाट्याला पांढरं कपाळ.

"बी तरंगत नाही, खारं पाणी सोसत नाही,"
मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये ती सांगते.
"पण जनुकांचं घड्याळ म्हणतं,
काहीजणी फार उशिरा निघाल्या,
वाटणीनंतर.
कशा, ते नाही ठाऊक."

एलोईसा सुटे पैसे मोजत असते.
"झाडांना कशाला विचारता?
हिला विचारा," टोपलीकडे हनुवटी करून म्हणते,
"ही कधी त्यांना सोडून राहिली नाही."

मेरिन अजून एक पेला मागते.
या वेळी
कोथिंबीर नको, म्हणते.