डेमो पीस

जामनेर रोडवरच्या दुकानात कूलरचं तोंड
गिऱ्हाइकाकडे नसतं, मालाकडे असतं.
भावेशने काउंटरवर तीन टॅब्लेट मांडले,
लाकडी चौकट काढलेल्या पाट्यांसारखे.
सात हजार, साडेनऊ, चौदा.
"कशासाठी पाहिजे मावशी? गेम? नातवाचा अभ्यास?"
घरी बसून इकडंतिकडं बघायला, म्हटलं.
तो हसला नाही. चांगल्या घरचा असावा.

पर्समध्ये भिशीचे नऊ हजार.
शेजारी हे, अमळनेरचा आवाज खाली करून:
"इतलं मोठं कसाले?"
स्वतः मोबाइलवर पेपर वाचताना
एका बातमीचे सोळा तुकडे करतात, तरी.

रॅम म्हणजे काय, ते भावेशने समजावलं.
एका वेळी किती कामं ध्यानात ठेवतं, ते.
दोनचं विसरतं. चारचं बरं.
आठचं धावतं, पण तुम्हाला कुठे धावायचंय?
ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग,
जेवढा पैसा तेवढी घाई,
हे दर मला कधीकाळी पाठ होते.
एकोणऐंशी ते ब्याण्णव, भुसावळ एक्सचेंज,
ट्रंक बोर्डाची चौथी खुर्ची.
हाताखाली अकरा दोऱ्या,
कुणाचा जावई, कुणाचा ट्रक, कुणाचं प्रेत,
आणि मध्येच आपण:
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
सगळं कानात घ्यायचं, घरी काही न्यायचं नाही.
माझी रॅम तेव्हा चांगली होती.

"एक आहे बघा," तो म्हणाला, "डेमो पीस.
दहा इंची. कोपऱ्यात ओरखडा, खोकं हरवलंय.
साडेआठला देतो, कव्हर माझ्याकडून."

हातात घेतला. कोमट होता,
नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखा.
काचेवर बोटांचे ठसे, आणि आत अख्खं गाव रांगेत उभं:
चोपडा शेवटची बस किती वाजता
केळी भाव रावेर आज
गुडघ्याला एरंडेल चालते का
तलाठी निकाल
तलाठी निकाल
नाव बदलायला काय कागद लागतात
बायको दोन महिने बोलत नाही काय करावे

हे शेवटचं कुणी लिहिलं असेल,
कूलरच्या भरभर आवाजात, चार माणसांत उभं राहून?

"पुसून देतो सगळं."
थांब, म्हटलं, मी काढते.
बोलणं संपलं की दोरी उपसायची असते,
आधी कान देऊन खात्री करायची,
मग खट्.
केळीवाला गेला, बसवाली गेली, तलाठी दोनदा गेला.
न बोलणाऱ्या बायकोचा नवरा सगळ्यांत शेवटी काढला.
तीन मिनिटं तरी द्यावीत माणसाला.

घरी जेवणं झाली. भांडी तशीच ठेवली.
पांढरं पान, त्यात एक उभी रेघ लुकलुकत होती,
बोर्डावर दिवा लागायचा तशी:
पलीकडे कुणीतरी आहे. थांबलंय.
तेरा वर्षं मीच म्हणायचे, नंबर सांगा.
मला कुणी विचारलाच नव्हता.

एका बोटाने, चुकत चुकत लिहिलं,
जमना सोलंकी खंडवा एक्सचेंज.
रात्रपाळीला दोननंतर लाइन मोकळी व्हायची.
ती त्या टोकाला चहा प्यायची, मी या टोकाला.
तिच्या बशीचा आवाज ओळखायचे,
चेहरा कधी पाहिला नाही.
लग्न ठरलं तेव्हा तिने साडीचा रंग सांगितला होता, बैंगनी,
आणि पुढच्या महिन्यात त्या खुर्चीवर दुसराच आवाज.

पडद्यावर जमना आल्या.
एक सरपंच, एक शिवणक्लासवाली,
एक यंदाच बारावी झालेली, दोन बोटं उंचावून.

"सापडनी का?" यांनी पलंगावरून विचारलं.
झोपले असतील असं वाटलं होतं.
मी मान हलवली.
तळाशी बारीक अक्षरांत: आणखी परिणाम.
दहा इंचावर स्पष्ट दिसत होतं.
वाढवा, म्हटलं.