टोपली

कुलारिशची वेल वाळूत लावतात, असं लोक म्हणतात.
वाळू नुसतं पांघरूण.
खाली दोन पुरुष खोल, कुठे तीन,
चिकणमाती आहे, ओली, हट्टी.
मूळ तिथे टेकवायचं
आणि वाळू परत लोटायची, घाई न करता,
वेल मान वर काढेल तसतशी.

माझा सासरा बाझीलियु चरात उतरताना
डोक्यावर वेताची टोपली उपडी घालायचा.
वाइन चाखायला आलेले पाहुणे हे ऐकून हसतात.
हसू देत.
चराची कड ढासळली
की टोपलीत मावेल तेवढीच हवा तुमची,
आणि तेवढ्या वेळात वरच्यांनी तुम्हाला उकरायचं.

एकदा फेब्रुवारीत ढासळली.
आत काय करत होतास, लोकांनी विचारलं.
शिव्या देत असणार, सासू म्हणाली.
मोजत होतो, तो म्हणाला,
अडतीसपर्यंत आलो
आणि खांद्याला फावडं लागलं.
ती खूण मी पाहिली आहे
शेवटच्या वर्षी त्याला अंघोळ घालताना.
द्राक्षाच्या बीएवढी.

सगळ्या युरोपची मुळं कुरतडत आलेली ती ऊ
आमच्या वाळूत तिला चालता आलं नाही.
म्हणून रामिश्कु अजून आपल्याच पायांवर उभी आहे,
असं मी पाहुण्यांना सांगते,
आणि मलाच हसू येतं.
उभी कुठली? लोळते.
समुद्रावरून वारा असा येतो
की बोरूच्या कुडाआड, सफरचंदाच्या बुटक्या झाडांखाली
ती पोटावर सरपटते.
ऑगस्टात घडांखाली वीतभर काठ्या टेकवायच्या,
नाहीतर तापलेली वाळू त्यांना भाजून काढते.
कंबर माझी जाते, नाव वाइनचं होतं.

मालवाझिया पांढरी, समजूतदार,
तिसऱ्या वर्षी बोलायला लागते, जरा खारट.
रामिश्कुचं तसं नाही.
दाणा लहान, साल जाड,
नवी प्यायलात तर कच्ची बिही चावल्यासारखी
जीभ टाळूला धरून बसते.
दहा वर्षं तिला हात लावायचा नाही.
माझ्या लग्नातली बाटली आम्ही
नवऱ्याच्या तेराव्या स्मृतिदिनाला उघडली.
तेव्हा कुठे बरी लागली.

यंदा शेजारच्या झेफेरिनुने तुकडा विकला.
बंगला होणार, पोहायचा तलाव होणार.
जेसीबी आला, आणि सासऱ्याचा अख्खा हिवाळा
त्याने जेवणाच्या सुट्टीआधी खणला.
मी कुडाशी उभी होते.
शेवटच्या खोऱ्यात ती आली वर,
काळपट, चकाकत, उन्हाची सवय नसलेली.
चालक आदेरितु, केप व्हर्देचा.
मी बादली पुढे केली.
त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला,
हाताने भरून दिली.
कशाला, हे विचारलं नाही.
त्याच्या आईचीही वेल होती म्हणे, फोगु बेटावर,
ज्वालामुखीच्या राखेत.

बादली आठ दिवस स्वयंपाकघरात होती.
येता जाता बोट लावून बघायचे, सुकली का.

आज नणंदेची नात लिओनिल्द आली,
आमच्या दुसऱ्या ओळीत वेल मेली आहे तिथे खणायला.
मोटरसायकलचं हेल्मेट घालून आली!
म्हटलं, काढ ते.
टोपली माळ्यावरून आणली, कोळ्याचं जाळं झटकलं,
एक काडी तुटलेली होती ती आत खोचली.
ती उतरली. आधी तिचे गुडघे दिसेनासे झाले,
मग खांदे, मग नुसती टोपली
वाळूत फिरताना दिसत राहिली.

ही वाइन पिण्याजोगी होईल तेव्हा मी नसेन,
असं म्हणायची पद्धत आहे आमच्याकडे.
मी नाही म्हणत.

मी काठावरून लांब, फळीवर उभी,
हातात फावडं, बादली पायाशी.
काही ढासळलेलं नाही.
तरी मोजते आहे.
सव्वीस. सत्तावीस.
खालून ती काहीतरी ओरडते,
टोपलीतून नीट ऐकू येत नाही,
ओलं, म्हणते बहुतेक.