आरपार देवळी

आखाजीला माहेरी आले
तर आमच्या अंगणातून थेट केसरमावशीची शेळी दिसली.
आजवर तिला आवाजानेच ओळखत होते.

भिंत पाडायला घेतली होती.
माझा भाऊ आणि मावशीचा कौतिक,
निम्मे निम्मे पैसे, सिमेंटची नवी.

दीड हात जाड होती जुनी.
गिरणेकाठची माती, गव्हाचा भुसा,
कुंभाराकडून मागून आणलेली गाढवाची लीद.
आठ दिवस गारा कुजवला,
दोन्ही घरच्या बायांनी तो तुडवला
लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून, एकमेकींचे खांदे धरून,
कारण गारा घसरतो.
साचा एकच, झिपरूआबाचा, बाभळीचा.
एका विटेवर करडाचं खूर,
एकीवर कुणाची तरी पाच बोटं.
ती माझी, असं भाऊ म्हणतो.
मला तर ती भिंत माझ्याहून थोरली आठवते.

आणि भिंतीत मधोमध आरपार देवळी.
दिवा एक, ओसऱ्या दोन.
सोमवार ते बुधवार तेल आमचं, पुढचे तीन दिवस त्यांचं,
रविवारी ज्याला आठवेल त्याचं.
त्यातूनच जायचं विरजण,
निखारा, काड्यापेटी, कळण्याच्या भाकरीचा चतकोर,
आणि कुणाच्या सुनेला दिवस गेलेत ते.

मग मोरीच्या पाण्यावरून झालं.
पाण्याचं काय, ते उताराकडे जात होतं.

त्या रात्री मायने देवळी लिंपली.
मी मातीचे गोळे पुढे करत होते,
अंधारात, बांगडीसुद्धा न वाजवता.
पलीकडेही काहीतरी खसफसत होतं.
घूस असेल, माय म्हणाली.

सव्वीस वर्षं.
दिवाळीआधी पोतेरा फिरायचा, इकडून वेगळा, तिकडून वेगळा.
वैशाखात दुपारी पत्रे तडतडायचे
तेव्हा माय या बाजूने पाठ टेकायची,
मावशी त्या बाजूने.
आपण कुणाला टेकलोय
हे दोघींनाही ठाऊक असणार.

आज सुपडू मिस्तरीची पहार पोकळ वाजली.
दोन लिंपणं निघाली, एक आमचं, एक त्यांचं,
बाहेरून हात फिरवलेली गुळगुळीत,
आतून खडबडीत.
आतून कुणालाच लिंपता येत नाही.
आणि दोन्हींच्या मध्ये
वीतभर अंधार, काजळी,
अर्धी जळलेली वात घेऊन बसलेला दिवा.

"हाऊ दिवा कोना शे?" सुपडूने विचारलं.
माय म्हणाली, "आमना नई. त्यास्ना व्हई."
मावशी म्हणाली, "आमना नई रे भाऊ."
दोघी सुपडूशी बोलत होत्या.

माती ट्रॉलीत भरून भाऊ शेतात टाकणार आहे,
वांग्यांना जुनी पांढरी मानवते.
करडाचं खूर, पाच बोटं, सगळंच जाईल त्यात.

"नव्या भिंतीत देवळी ठेवू का?
आणि कोणत्या अंगाला?"
कुणी उत्तर दिलं नाही.
सुपडूने दिवा ढिगाऱ्यावर ठेवला, हात झटकले,
चहा प्यायला गेला.

शेळी आली.
तिने दिवा हुंगला, वात ओढून काढली.
"हाड!" दोघी एकदम ओरडल्या.
कुणाचं ऐकावं ते न कळून
शेळी तिथेच उभी, चघळत.