दहावा

माझं काम लिहिण्याचं.
छत्तीस वर्षं खो-खोचे डाव टिपले,
कोण किती मिनिटं नाबाद, कोण खांबाशी चुकला.
म्हणून रणपिसे सरांनी बोलावलं,
"काका, या खेळाचीही वही ठेवा.
नियम मी सांगेन, आकडे तुमचे."

खडकीला, कारखान्याच्या लांब भिंतीमागं
दर दहा यार्डांवर फक्कीची रेघ,
आणि पपईसारखा चेंडू, दोन्ही टोकांना निमुळता,
जमिनीवर आपटला की कुठं उडेल
ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं.

निहाल शिकलगार.
तपकीर गल्लीत वायरची बंडलं वाहतो.
हातगाडी, स्कूटर, भाव करणारं गिऱ्हाईक, उघडं गटार
यांच्यामधून ज्याला दिवसात साठ खेपा घालायच्या
त्याला अकरा माणसं म्हणजे मोकळं रानच.
पहिल्या सामन्यात किक आभाळातून उतरली,
त्यानं चेंडू पगाराच्या पाकिटासारखा पोटाशी धरला
आणि मी पेनचं टोपण काढेपर्यंत
ब्याण्णव यार्ड.
मी ९२ लिहिलं. खोडलं. पुन्हा ९२ लिहिलं.
असा वळणारा गडी मी एकदाच पाहिला होता,
सत्त्याहत्तर साली, मिरजेला.

दुसऱ्या सामन्यापासून लोक शहाणे झाले.
त्याच्याकडं कुणी किक मारेचना.
चेंडू रेघेबाहेर, चेंडू कोपऱ्यात,
चेंडू त्या जाड्या थोरातकडं,
जो तो पकडतो आणि तिथंच बसतो.
निहाल हात पसरून उभा
पंगतीच्या टोकाला बसल्यासारखा:
जिलबी निघाली, जिलबी आली, आली,
आणि दोन पानं अलीकडंच परात रिकामी.

निदान आपला वाढपी तरी ओळखीचा असावा!
पण हृषीकेश फेकतो तो बावधनच्या पोरांकडं,
ज्यांच्याबरोबर तो सरावानंतर कॉफी प्यायला जातो.
पोरगा वाईट नाही.
सवयीची नजर जाते तिकडं हात जातो, एवढंच.

एका रविवारी हरल्यावर
मी सरांच्या गाडीच्या बॉनेटवर वही उघडली.
पाच सामने. आपले डाव तीनशे सात.
निहालच्या हाताला चेंडू लागला नऊ वेळा.
त्यातले तीन थेट शेवटच्या रेघेपलीकडं.
सर म्हणाले, "अठ्ठावन्न किलोचा आहे तो, काका. मोडेल."
मी म्हटलं, "कपाटात ठेवलेली सुरीही गंजते, सर,
आणि हा तर धार लावणाऱ्यांच्या घरातला."
सर हसले नाहीत. हरलेल्या दिवशी
ते चहासुद्धा घेत नाहीत.

सहावा सामना. दुसरं सत्र.
सरांनी निहालला बाजूनं आडवं पळत यायला सांगितलं
आणि हृषीकेशनं चेंडू त्याच्या हातात दिला.
फेकला नाही. दिला.
दुकान बंद ठेवून आलेले ओसवालशेठ
पायरीवर उभे राहिले, हातात भेळेचा कागद.
माझं टोपण या वेळी आधीच काढलेलं.

थोरातनं समोरचा गडी अडवलाच नाही.
निहाल चार यार्ड मागंच आडवा.

वजा ४.
इतकं वाईट अक्षर माझं कधी आलं नव्हतं.

तो उठला. माती थुंकला.
पुढचा डाव लागायच्या आत
धावत रेघेपाशी आला, थेट माझ्या टेबलासमोर,
आणि हेल्मेटच्या जाळीतून ओरडला,
"काका, लिहिलं ना? दहावा!"

मी वही फिरवून दाखवली.
वजाकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

मागून सर हातानं काहीतरी खुणावत होते,
आत ये की बाहेर ये,
मला अजून या खेळातल्या खुणा नीट कळत नाहीत.