संदर्भ हवा

वेतेच्या दवाखान्यात दिवसभर केसपेपर लावते म्वानाईदी,
आणि रात्री, वीज टिकेल तोवर,
हिंदी सिनेमांच्या पानांवरची भोकं बुजवते.
कुणी सांगितलेलं नाही. पैसे मिळत नाहीत.
हिंदी येते ती गाण्यांपुरती:
दिल, जुदाई, ज़ालिम, परदेसी.
एवढ्या भांडवलावर बाजारात कांदासुद्धा येणार नाही.

पण चौकोनी कंसातले ते दोन शब्द
तिच्या दाताखाली येतात,
भातातल्या खड्यासारखे.

निर्मात्याने बायकोचे दागिने विकून सेटवर विहीर खणली.
संदर्भ हवा.
खलनायकाचा घोडा खरोखरच आंधळा होता.
संदर्भ हवा.
विहीर तिला सापडली
एका बंद पडलेल्या मासिकाच्या स्कॅनमध्ये, पान सेहेचाळीस.
विहीर नव्हती, हौद होता. दागिने बहिणीचे.
तिने हौद केला, बहीण केली, तळटीप दिली.
घोड्याचं मात्र कुठेच काही मिळेना.
घोडा काढून टाकला
आणि त्या रात्री कितीतरी वेळ
छपरावर टापा ऐकत पडून राहिली.

मग ते वाक्य आलं.
'पेंबा बेटावर हा चित्रपट सलग अकरा आठवडे चालला.'
पुढे तोच कंस, तीन वर्षं जुना.

पेंबा म्हणजे हेच, खिडकीबाहेरचं.
थिएटर म्हणजे ते, जिथे आता लवंगांची पोती रचतात.
बी झुवेना ओट्यावर मासा साफ करत होती,
मान वर न करता म्हणाली,
अकराच. मी नऊदा पाहिला.
शुक्रवारी दुपारी बायकांचा खेळ.
नायिकेचे डोळे गेले की आम्ही रडायचो,
परत आले की जास्त रडायचो.
प्रिंट एकच. चाके चाकेला एक रीळ संपलं
की मसूद ते व्हेस्पावर घालून इकडे आणायचा.
एकदा वाटेत टायर बसला,
आणि अख्खं थिएटर अर्धा तास
आंधळ्या नायिकेबरोबर अंधारात बसून राहिलं.

आई, तू संदर्भ नाहीस,
म्वानाईदी म्हणाली. जरा हळूच.

तीन दिवसांची रजा, रात्रीची बोट, उंगुजा.
अभिलेखागारातल्या माणसाने हातमोजा दिला. एकच.
दुसरा कुठे आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
दुसऱ्या दिवशी, चारच्या सुमाराला,
बोटभर उंचीची जाहिरात निघाली:
सिनेमाचं नाव चुकीचं छापलेलं,
तिकीट पन्नास सेंट,
स्त्रियांसाठी शुक्रवारी वेगळा खेळ,
'अफाट गर्दीचा' आणि पुढे आकडा
आणि पुढे 'वा आठवडा'.
आकडा होता तिथे कसर लागली होती.
नीट, गोल, मुगाच्या डाळीएवढं भोक.
खालच्या पानावरचं खोबऱ्याचं भाव-कोष्टक दिसत होतं त्यातून.
एवढीच कसर राहिली.
तिने भिंग मागितलं. भिंगातून भोक मोठं दिसलं.

परतीच्या बोटीत तिने मनातल्या मनात
एका वाक्याची दोन केली.
पहिलं: वेते इथे हा चित्रपट गर्दीत चालला.
वर्तमानपत्र, तारीख, पान, स्तंभ, सगळं देऊन.
दुसरं: अकरा आठवडे.
ते पुसायला कर्सर शेवटच्या अक्षरामागे नेऊन ठेवला
आणि चहा करायला उठली.

काय सापडलं? बी झुवेनाने विचारलं.
कागद फाटलाय गं नेमका तिथे.
मी कुठे फाटलेय?

चहा उतू गेला. कुणी काही बोललं नाही.
मग म्हातारीने पुन्हा,
मसूदची व्हेस्पा लिहिलीस?
नाही.
टायर?
नाही गं.
अर्ध्या तासाचे पैसे कुणी परत मागितले नव्हते,
तेही नकोच लिहूस मग.
अकरा तरी ठेवलेस?

म्वानाईदीने पडद्याकडे पाहिलं.
कर्सर अजून तिथेच लुकलुकत होता.
ठेवलेत, ती म्हणाली, आणि मग खरंच ठेवले.
पण शेजारी शंका बसलीये.

बसू दे की.
लाकडी बाकं होती त्या थिएटरात.
थोडं सरकलं की जागा व्हायची.